अर्ध्या तासाची खुंटी

नागपूरचं ते विज्ञान संग्रहालय १९६६ साली उघडलं तेव्हा त्याला स्वतःची इमारत नव्हती. सक्करदऱ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर कापसाचं एक जुनं गोदाम रिकामं पडलं होतं. त्याला आतून-बाहेरून चुना मारला, खाली शहाबादी फरशी घातली आणि दारावर पाटी लावली. छतातला कापूस मात्र पुरता निघाला नाही. पहिली दोन वर्षं वाफेच्या इंजिनाच्या नमुन्यावर रोज सकाळी रुईचे तंतू येऊन बसलेले असत. ते फडक्यानं टिपून काढणं हे चंपतराव ढोमण्यांचं तिथलं पहिलं काम.

चंपतराव १९६७ साली आले, ते गिरणीतून. बावीस वर्षं सूतकताई खात्यात फिटर होते. खात्यातली माणसं कमी झाली, त्यात तेही घरी बसले. शिक्षण मराठी चौथी. संग्रहालयाच्या कागदावर ते ‘मदतनीस, रोजंदारी’ होते. प्रत्यक्षात तिथे जे जे फिरे, हले, ठिणगी टाकी, ते सगळं त्यांच्या हाताखाली होतं. अभिरक्षक गोपाळराव वनस्पतिशास्त्राचे होते. पानं वाळवून कागदावर चिकटवावीत तर त्यांनीच, पण स्क्रू कोणत्या बाजूला घट्ट होतो हे ते दर वेळी विचारत.

लोक यायचे ते मुख्यतः वेड्यावाकड्या आरशांसाठी. बाजारात माल उतरवून परत निघालेले शेतकरी बैलगाड्या बाहेर सोडून आत यायचे, आरशात स्वतःचं पोट पाहून हसायचे आणि मग बाकीचं बघायचे. उमरेडच्या कोळशाचा कापून काचेत ठेवलेला थर होता. हात लावला की केस उभे करणारा पितळी गोळा होता. बारा संत्र्यांत तांब्याच्या आणि जस्ताच्या पट्ट्या खोचून केलेली बॅटरी होती. तिच्यानं दिवा लागत नसे, पण मीटरचा काटा हले. संत्री दर मंगळवारी बदलावी लागत, आणि काढलेली संत्री चंपतराव कोणाला खाऊ देत नसत. “जस्त उतरलं आहे त्यात. पोट दुखंन,” म्हणायचे.

गोदामाच्या मधोमध, पूर्वी कापसाच्या गाठी वर ओढायच्या त्या तुळईला, चाळीस फूट लांब तारेनं एक लोखंडी गोटा टांगला होता. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे डोळ्यांनी दाखवणारा हा लंबक. गोटा झुलत राहतो त्याच रेषेत. खालची जमीन वळते. बघणाऱ्याला मात्र वाटतं की गोट्याची रेषाच हळूहळू सरकते आहे. खाली फरशीवर माणसाच्या उंचीएवढं रुंद लाकडी कडं ठेवलं होतं आणि त्यावर ओळीनं खुंट्या उभ्या केल्या होत्या. रेषा सरकत खुंटीशी आली की गोट्याचं टोक तिला पाडी. रोज अकरा वाजता गोटा सुरू करायचा मान चंपतरावांचा. हातानं सोडला तर त्याला तिरका धक्का बसतो, म्हणून तो दोऱ्यानं एका बाजूला ओढून बांधायचा आणि काडी ओढून दोरा जाळायचा. दोरा जळायला लागला की पोरंसोरंसुद्धा गप्प होत.

शेजारच्या बोर्डावर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: ‘दर अर्ध्या तासाला एक खुंटी पडते.’

आणि खुंटी पडायची तासाभरानं. वर दोन-तीन मिनिटं अधिकच.

१९६८ च्या पावसाळ्यात गोपाळरावांनी हे चंपतरावांच्या कानावर घातलं. “लोक घड्याळ लावून बसतात हो. कंटाळून जातात. बघा जरा कुठे अडतंय ते.”

चंपतरावांनी तीन आठवडे बघितलं. तार बदलली. हुक घासून पुन्हा बसवला. खिडक्यांना पुठ्ठे लावले, वारा येतो म्हणून. गोटा लेथवाल्या खराद्याकडे नेऊन तो खरंच गोल आहे का हे तपासून आणला. वहीत रोजच्या वेळा लिहिल्या. एक तास दोन मिनिटं. एक तास तीन मिनिटं. एक तास दोन मिनिटं. काही फरक पडला नाही.

गिरणीतल्या प्रत्येक यंत्रावर पितळी पाटी असायची, आणि मिनिटाला किती फेरे हे तिच्यावर कोरलेलं असायचं. यंत्र त्याच्यापेक्षा कमी फिरलं तर पट्टा ढिला असतो, नाही तर बेअरिंग गेलेलं असतं, नाही तर फिटर कामचोर असतो. पाटी चुकली आहे असं बावीस वर्षांत कोणी म्हटलं नव्हतं. बोर्डावर अर्धा तास लिहिलं आहे म्हणजे गोटा अर्धवट चालतो आहे, आणि दोष आपल्याला सापडत नाही, एवढाच अर्थ चंपतरावांनी लावला. दोष सापडेपर्यंत उत्पादन तरी थांबू नये.

गोट्याला हात लावला तर तो डगमगतो. म्हणून त्यांनी कडं फिरवलं. झाडायला उचलता यावं म्हणून ते फरशीला ठोकलेलं नव्हतंच. दर अर्ध्या तासाला फडकं घेऊन यायचं, खुंट्या पुसायच्या आणि पुसता पुसता कडं दोनेक बोटं, जेवढं कमी पडतं तेवढं, सरकवायचं. पुढच्या झोक्याला खुंटी पडायची. लोक टाळ्या वाजवायचे.

गोपाळराव खूश झाले. “काय केलंत?”

“थोडं ॲडजस्ट केलं साहेब,” चंपतराव म्हणाले.

हे दहा वर्षं चाललं. त्यात लपवाछपवी आहे असं त्यांना वाटेनासंच झालं. तेल देण्यासारखं ते एक काम होऊन बसलं.

१९७८ च्या जानेवारीत कामठीच्या एका शाळेतल्या पुष्पलताबाई नववीच्या मुली घेऊन आल्या. सगळ्या आरशांकडे धावल्या. गोपिका नावाची एक मुलगी मात्र गोट्याजवळ फतकल मारून बसली, ती दोन वाजेपर्यंत उठली नाही. तिच्या बापाचा कामठीत पॉवरलूम होता, घरात दिवसभर खडखडाट. कुठे तरी इतकं शांत काही चाललेलं तिनं पहिल्यांदा पाहिलं असावं. चंपतराव फडकं घेऊन आले की ती आपली वही उचलून धरायची, त्यांना पुसता यावं म्हणून. तीन तासांत सहा खुंट्या पडल्या. तिनं सहाही लिहून घेतल्या.

फेब्रुवारीच्या शेवटी पुष्पलताबाई एकट्याच आल्या. शनिवारची सकाळची शाळा आटोपून, थेट बसनं.

“चंपतरावजी, तुमचा गोटा तासाले दोन खुंट्या पाडते ना?”

“बोर्डावर लिहूनच आहे बाई.”

“बोर्डाचं नाही विचारून राहिली मी. तुमचं विचारून राहिली.”

बाईंनी बॅटरीतलं एक संत्रं उचललं.

“पाहा. हे संत्रं म्हणजे पृथ्वी. देठाशी गोटा टांगला, तर खालचं संत्रं दिवसात पुरी गिरकी घेते. पोटाशी टांगला, तर खालची साल नुसती पुढं जाते, गिरकी घेतच नाही. जितकं देठाजवळ, तितकं जोरात. म्हणजे खुंट्या मोजून गाव कुठं आहे ते काढता येते. माझ्या गोपिकेनं काढलं. तिचं नागपूर पार युरोपात गेलं. जिल्ह्याच्या प्रदर्शनात परीक्षक म्हणे, ‘बेटा, तिकडे संत्री पिकतात का?’ सगळे हसले.”

“मग आपल्या इथं किती पडाले पाहिजे?”

“या खुंट्यांच्या अंतरानं? तासाले एक. वर दोन-तीन मिनिटं.”

हा आकडा चंपतरावांच्या वहीत दहा वर्षांपूर्वीचा होता. त्यांनी संत्रं बाईंच्या हातातून घेतलं, जागेवर ठेवलं, पट्ट्या नीट खोचल्या. काटा हलला. मग म्हणाले, “पोरगी बरोबर मोजली बाई. बोर्ड कोण्या बाहेरच्या देशाच्या पुस्तकातून उतरवला असंन.” आणि त्यांनी वाकून कडं सरकवून दाखवलं.

बाईंनी स्वतः कडं बोटभर सरकवून पाहिलं. “साहेबांले माहीत आहे?”

“नाही.”

“मी कोणाजवळ बोलत नाही. तुमचं कायम व्हायचं चाललं आहे म्हणतात. पण पोरीनं वही फाडली, भाऊ. म्हणते, मले साधं मोजता येत नाही. पुढं सायन्स घेत नाही म्हणून राहिली.”

कायम व्हायचं चाललं होतं हे खरं. अकरा वर्षांत चंपतरावांना दर सहा महिन्यांनी आठ दिवस घरी बसवून पुन्हा नव्यानं घेतलं जाई, नोकरी सलग दिसू नये म्हणून. आता येत्या गुरुवारी समिती येणार होती. गोपाळरावांनी शिफारस स्वतः लिहिली होती, आणि तिच्यातलं मुख्य वाक्य होतं: ‘यांच्या कौशल्यामुळे लंबक फलकाबरहुकूम अचूक चालतो.’

घरी जिजाबाईंनी सगळं ऐकून घेतलं. भाकरी थापता थापता म्हणाल्या, “दहा वर्षं फिरवलं नं तुम्ही? मग गुरुवारी अजून एक डाव फिरवा. शुक्रवारी सांगा साहेबाले.”

“समितीनं लिहिल्यावर?”

“तं काय! लिहिलेलं थोडंच पुसतात? त्या पोरीसाठी एवढं वाटून राहिलं तं दोन संत्री नेऊन द्या तिले. तुमच्या मशीनमधली नका नेऊ म्हणजे झालं.”

चंपतरावांना हसू आलं. जिजाबाई चुकीचं बोलत नव्हत्या. शुक्रवार गुरुवारपासून काही लांब नव्हता.

गुरुवारी समितीचे तिघे आले. अकरा वाजता चंपतरावांनी दोरा जाळला. गोपाळरावांनी पाहुण्यांना कोळसा दाखवला, आरसे दाखवले. अध्यक्षांचे केस पितळी गोळ्यावर उभे करून झाले. साडेअकराच्या आत सगळ्यांना कड्याभोवती आणून उभं केलं. चंपतराव फडकं घेऊन कड्याशी उभे होते. नेहमीप्रमाणे ते वाकले. पहिली खुंटी पुसली, दुसरी पुसली. कड्याच्या लाकडावर त्यांच्या अंगठ्यानं दहा वर्षांत एक गुळगुळीत जागा केली होती, तिथे अंगठा गेला. मग त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि मागे सरकून उभे राहिले.

साडेअकरा झाले. गोटा खुंटीच्या दोन बोटं अलीकडून गेला. परत आला. पुन्हा दोन बोटं अलीकडून.

“काय हो, आज पृथ्वी रजेवर आहे का?” समितीतल्या एकानं विचारलं. बाकीचे हसले.

गोपाळराव हसले नाहीत. “चंपतराव, बघा बरं काय झालंय.”

“काही झालं नाही साहेब. गोटा बरोबर आहे. बोर्ड चुकला आहे,” चंपतराव म्हणाले. “आन् मीही. इथं तासाले एकच पडते. दुसरी मी पाडत होतो, कडं फिरवून.”

“केव्हापासून?” अध्यक्षांनी विचारलं.

“दहा वर्षं.”

“का?”

“गिरणीत पाटी चुकत नाही साहेब,” चंपतराव म्हणाले.

बारा वाजून दोन मिनिटांनी खुंटी पडली. ती पाहायला फक्त अध्यक्ष थांबले होते. बाकीचे चहाला गेले होते. तरीही अहवालात जे यायचं ते आलंच: फलक बदलावा. प्रदर्शनातील वस्तूत हेतुपुरस्सर फेरफार करणाऱ्या कर्मचाऱ्याची शिफारस करता येत नाही. चंपतराव पुढे पाच वर्षांनी, १९८३ साली कायम झाले आणि दोन वर्षं कायम राहून निवृत्त झाले. समिती गेल्यावर गोपाळराव आठ दिवस त्यांच्याशी बोलले नाहीत. नवव्या दिवशी नवा बोर्ड रंगवायला आला तेव्हा म्हणाले, “मिनिटं किती लिहायची ते तुम्हीच सांगा. माझा नाही विश्वास राहिला कशावर.”

संग्रहालयाला सुट्टी सोमवारची. समिती येऊन गेल्यानंतरच्या पहिल्याच सोमवारी चंपतराव कामठीला गेले. मधल्या सुट्टीत पुष्पलताबाईंनी गोपिकेला व्हरांड्यात बोलावलं आणि स्वतः वर्गात निघून गेल्या.

चंपतरावांनी सांगितलं. कडं कसं फिरतं ते हातांनी करून दाखवलं. गोपिका ऐकत होती आणि तिचा चेहरा उजळण्याऐवजी आवळत चालला होता.

“म्हणजे मी वही उचलून धरत होती तवाच तुम्ही फिरवून राहिले होते?”

“हो.”

“मग तवाच काहून नाही सांगितलं?”

“मले वाटे गोटाच बिघडला आहे. मलेच नव्हतं माहीत, बाई.”

“मी सगळ्यायसमोर रडली,” ती म्हणाली. मग ती वर्गात गेली. चंपतरावांना वाटलं, गेली. ती परत आली ती कोरा कागद आणि शाईचं पेन घेऊन.

“लिहून द्या.”

“काय लिहू?”

“जे झालं ते.”

व्हरांड्याच्या कठड्यावर कागद ठेवून चंपतरावांनी लिहिलं. चौथीनंतर वहीतल्या आकड्यांपलीकडे त्यांनी फारसं लिहिलं नव्हतं. वेळ लागला. घंटा झाली तरी ती हलली नाही. कागदावर होतं: ‘कुमारी गोपिका हिने सहा खुंट्या मोजल्या त्या सहाच होत्या. त्यातल्या तीन पृथ्वीच्या. तीन माझ्या. चंपतराव ढोमणे, फिटर.’

तिनं कागद दोनदा वाचला, शाई वाळेपर्यंत धरून ठेवला आणि घडी घालून वहीत ठेवला.

“आता खऱ्या मोजाले कधी येऊ?”

“उद्या मंगळवार. अकराले दोरा जाळतो.”

“उद्या शाळा आहे. रविवारी येतो,” ती म्हणाली. “मी येईपर्यंत जाळू नका.”