उघडा हात

गंगापूर रोडच्या फिजिओथेरपी सेंटरमध्ये माझा आखडलेला खांदा घेऊन मी बसायचो, तेव्हा एक काका शेजारच्या खुर्चीत असायचे. अर्धांगवायूनंतर त्यांच्या उजव्या हाताची मूठ घट्ट मिटली होती. शर्ट मात्र रोज इस्त्रीचा. मी दुखलं की डॉक्टरांवर चिडायचो. ते डाव्या तळव्यावर ती मूठ ठेवत आणि एकेक बोट उघडू पाहत. बोट मिटलं की पुन्हा पहिल्यापासून.

एकदा मी विचारलंच, "असा हातावर हात का ठेवता?"

"चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर आम्ही अशीच घेतो. उजवा हात वर, उघडा. वर्ष झालं, मी ती घ्यायला पुढे गेलो नाही."

"डाव्या हाताने घेतली तर?"

"चालतं की. पाळकसाहेब तर म्हणाले, तोंडात भरवतो. पण देणारा समोर उभा असताना मूठ मिटून कसं जायचं?"

त्यानंतर मला चिडायची लाज वाटू लागली.

माझ्या उपचारांच्या शेवटच्या दिवशी त्यांची बोटं जेमतेम अर्धी उघडली होती. मी म्हणालो, "अजून थोडे दिवस लागतील, काका."

त्यांनी तो अर्धा उघडा हात डाव्या तळव्यावर ठेवला.

"भाकरीचा तुकडा लहानच असतो," ते म्हणाले. "या रविवारी जातो पुढे."