ग्रीसखालचा आकडा

हणमंत गेल्याचा फोन आला तेव्हा मी कुपवाडच्या आमच्या वर्कशॉपमध्ये लेथवर होतो. त्याच्या मुलाचा आवाज, बापाला तो दादा म्हणायचा. "काका, दादा गेलं..." लेथ बंद केला आणि मान वळली ती कोपऱ्यातल्या ताडपत्रीकडे. अर्ध्या आयुष्याचा भागीदार गेला, आणि माझ्या मनात आधी गाडी आली. आता ती कुणाची? महिना उलटला, पण ते मान वळवणं डोक्यातून जात नाही.

ताडपत्रीखाली शर्यतीची गाडी आहे. एकट्यानं बसायची, लांब नाकाची, दुसऱ्या महायुद्धाच्या आधी युरोपातल्या एका छोट्या कारखान्यानं खास शर्यतीसाठी बांधलेली. ती पहिल्यांदा मला दिसली, हे मी भेटेल त्याला सांगत आलो. पुढचं सांगत नव्हतो. पाचगणीखालच्या एका स्ट्रॉबेरीवाल्याचा पंप बघायला गेलो होतो. त्याच्या गोठ्यात ती पडलेली, आत कोंबड्या. मी लाथेनं चाक हलवून बघितलं आणि इथंच कुणीतरी ठोकून केलेलं ध्यान म्हणून सोडून दिली. परत येऊन हणमंतला हसत सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो जाऊन पोतं अंथरून तिच्याखाली शिरला. "दत्ता, तुज्या डोळ्याला काय झालंतं रं? वजन कमी करायला सांगाड्याला भोकं पाडल्यात, त्यांच्या कडा बघ की. सगळ्या सारख्या आत वळल्यात. हातोडीचं काम न्हाई गड्या, कारखान्यातल्या प्रेसचं हाय." भोकं मीही बघितली होती. कडा बघितल्या नव्हत्या. हणमंतनं ती विकत घेऊन वर्कशॉपमध्ये आणली. त्या दिवसापासून माझ्या पोटात दुखायला लागलं आणि मग त्या दुखण्याची सवयच झाली.

गाडीची कुळी सिद्ध करायची तर सांगाड्यावर ठोकलेला क्रमांक लागतो, आणि तो कुणीतरी कानशीनं घासून टाकला होता. मी मनातून खूश. पण हणमंत विट्याचा. बाप परमुलखात सोनं गाळायच्या दुकानात, त्यामुळे तेजाबाशी, म्हणजे ॲसिडशी, लहानपणापासून ओळख. ठोकलेल्या आकड्याखाली पोलाद दबलेलं असतं, वरचं घासलं तरी आतला दाब राहतो आणि तेजाबानं तो काळा उमटतो, असं त्याचं म्हणणं. तेजाब पातळ केलं, द्राक्षबागेवर मारायचा मोरचूद त्यात घातला आणि कापसाचा बोळा फिरवायला लागला. फिरवता फिरवता मला म्हणाला, "वाच आधी तू. मी वाचला तर मनातलाच वाचीन." कारखान्याच्या जुन्या नोंदीत इकडं पाठवलेल्या एका गाडीचा क्रमांक होता. तो त्याला ठाऊक होता, मला नव्हता. हळूहळू काळसर रेघा उमटल्या. मी वाचलं, "चार... एक... सात. सात जरा कलंडलाय." नोंदीतला आकडा तोच. हणमंत नुसता खाली बसला. त्याचा तो चेहरा बघून मला वाटलं, असं सुख माझ्या वाट्याला का नाही? गाडी तर मला आधी दिसली होती.

मोबाईलमधल्या फोटोत नुसता काळा डाग आला. बोळा पुन्हा फिरवला तर उरलेला दाबही तेजाब खाऊन टाकील, म्हणून हणमंतनं जागा धुऊन ग्रीसनं झाकली. पुढे अशा गाड्या तपासणारे एक गृहस्थ पुण्याहून आले. सगळं ऐकून मला म्हणाले, "तुम्ही स्वतः आकडा वाचलात?" हणमंत माझ्याकडे बघत होता, अगदी निर्धास्त. मी म्हणालो, "काळं काहीतरी दिसलं. आकडाच होता, असं नाही सांगता येणार."

हणमंतनं कपबशी पुढे केली. म्हणाला, "च्या घ्या, सायेब." गाडीवर शिक्का बसला तो इकडचे तिकडचे भाग जुळवून केल्याचा. त्यानं मला कधी एका शब्दानं विचारलं नाही. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. डबा तसाच माझ्यापुढे सरकवायचा, "खा की रं, वहिनीनं तुज्यासाठी ठेचा दिलाय."

परवा हणमंतची बायको, सुनंदावहिनी, वर्कशॉपमध्ये आल्या. गाडी घ्यायला एकजण तयार होता, पण तो ती सुटी करून इंजिन वेगळं, सांगाडा वेगळा विकणार होता. "जुळवलेलीच हाय म्हणं, मग मोडायला काय हरकत? भावजी, तुमीच सांगा. खरी हाय का न्हाई?"

"खरी आहे, वहिनी. आकडा मी वाचला होता."

त्यांनी पदरानं तोंड पुसलं. "ठावं हाय मला. हे म्हणायचं, दत्तानं वाचलाय, मला तेवढं बास हाय."

एवढ्यावर हणमंत इतकी वर्षं सुखानं जेवला, झोपला... या गोष्टीचा मला गाडीपेक्षा जास्त हेवा वाटला. पुण्याच्या गृहस्थांना मी लेखी कळवलं आहे. ते मानतील की नाही, माहीत नाही. वहिनींनी त्या गिऱ्हाइकाला परत पाठवलं.

सुट्टीच्या दिवशी हणमंत त्या जागेवर नवं ग्रीस लावायचा, गंज चढू नये म्हणून. आता हे काम माझं, असं ठरवून काल ताडपत्री उचलली. जुन्या ग्रीसमध्ये त्याचा अंगठा उमटलेला होता, रेघ न् रेघ दिसत होती. बोटावर नवं ग्रीस घेऊन मी बराच वेळ उभा राहिलो. मग बोटावरचं ग्रीस चिंधीनं पुसलं, आणि ताडपत्री होती तशी ओढली.