भंगारात टाकलेल्या पट्ट्या

चौऱ्याऐंशीच्या सुमारास मी फिटरच्या कोर्सला होतो. माझ्या शेजारच्या वाइसवर एक मुलगा काम करायचा आणि तो मला बघवत नसे. त्याने माझं काहीच घेतलं नव्हतं. उलट त्याच्या डब्यातली सुकटीची चटणी तो न मागता माझ्या चपातीवर वाढायचा. मी ती खायचो आणि तरी जळायचो.

काम दिसायला साधं होतं. लोखंडाची पट्टी वाइसच्या जबड्यात आवळायची, कानशीने घासून कड सपाट करायची आणि सरांकडे न्यायची. सर कडेला गुण्या, म्हणजे काटकोनी मापपट्टी, लावून ती खिडकीसमोर धरत. मधून उजेड दिसला की पट्टी फेल. मग ती आपल्याच हाताने भंगाराच्या डब्यात टाकायची. प्रत्येक पट्टीवर आपला नंबर ठोकलेला असे, त्यामुळे कोणाची किती पापं डब्यात आहेत हे लपत नसे. सुरुवातीला माझी आणि त्याची सारखीच होती. दिवाळीनंतर मात्र त्याच्या पट्ट्या पास व्हायला लागल्या आणि मी होतो तिथेच राहिलो.

एरवी मी हे सोसलंही असतं. पण साकीनाक्याच्या एका कारखान्याने आमच्यातला एकच मुलगा मागितला होता, आणि निवड सर करणार होते. संपानंतर वडिलांची गिरणी उघडलीच नव्हती; दिंडोशीच्या खोलीत ते दिवसभर नुसते बसून असत. ती जागा मला हवी होती. त्याचं घर जुन्या गावठाणात, मागे भाजीचा मळा, विहीर. त्याला कशाला हवी नोकरी, असं माझं म्हणणं.

एकदा मधल्या सुट्टीत तो भंगारातून पट्ट्या काढून पिशवीत भरताना दिसला. मला इतका आनंद झाला की जेवण अर्धं टाकून मी सरांकडे गेलो.

"सर, तो भंगार चोरतो. विकत असणार."

सरांनी त्याला बोलावलं आणि पिशवी बाकावर उलटी केली. वीसेक पट्ट्या निघाल्या. प्रत्येकीवर बारीक अक्षरात काहीतरी कोरलेलं होतं. 'डावा हात जड.' 'घाई केली.' 'कानस साफ नव्हती.'

"काय रे हे?"

"चुकलं कुठे ते रोज सुट्टीत लिहून ठेवतो, सर. घरी बसून बघतो. परत आणून टाकतो ना सगळ्या."

सरांनी त्यातल्या पाच उचलून माझ्यासमोर धरल्या. नंबर माझा होता, अक्षर त्याचं. पाचही पट्ट्यांवर एकच वाक्य: 'शेवटी पुढे झुकतो.'

तो ओशाळला. "तुझ्या पण बघतो, यार. सांगणार होतो. तू बोलतोस कुठे माझ्याशी?"

मला लाज वाटली असेल असं कोणालाही वाटेल. छे. माझ्या फुकट गेलेल्या पट्ट्यांवर हा हुशार झाला, या विचाराने माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानंतर महिनाभर मी मुद्दाम, त्याच्या देखत, पुढे झुकूनच कानस मारली. पट्ट्या फेल होत गेल्या.

साकीनाक्याला तोच गेला. निघताना त्याने हात पुढे केला. माझे हात तेलकट आहेत, असं मी म्हणालो.

दुसऱ्या दिवशी त्याच्या वाइसवर कोणी नव्हतं. आता बघणारा नाही म्हणून मी पाय थोडा मागे घेतला आणि शेवटपर्यंत सरळ उभा राहून कड घासली. सरांनी गुण्या लावला, पट्टी उलटसुलट फिरवून बराच वेळ पाहिली आणि "पास" म्हणून माझ्या हातात दिली.

ही पट्टी मला महिनाभर आधी जमली असती. सरांनी निवड केली ती त्याच महिन्यात.