खिडकीपाशी उभा असलेला नवरा

माझी लेक सध्या एका माणसाच्या प्रेमात आहे. तो टीव्हीवरच्या मालिकेत असतो, समुद्राकडे बघतो आणि एका भागात फार तर दोन वाक्यं बोलतो. त्याच्या पूर्वायुष्यात काहीतरी भयंकर घडलंय, पण काय ते त्याने अजून कोणाला सांगितलेलं नाही. इथली पोरं आईला मॅम म्हणतात. "मॅम, ही इज सो डीप," असं ती अस्सल आयरिश उच्चारात म्हणाली तेव्हा मी भेंडी चिरत होते. मी म्हटलं, "विहीरपण डीप असते. तिच्याशी कोणी लग्न करत नाही." लेकीने डोळे फिरवले आणि हेडफोन लावले.

तिला वाटतं, आईला यातलं काही कळत नाही. तिच्या वयाची असताना मी पुण्यात लायब्ररीतून रोज एक कादंबरी आणायचे आणि त्या सगळ्या कादंबऱ्यांत हाच बाप्या असायचा. नाव बदलायचं, गाव बदलायचं, हा बदलायचा नाही. कपाळावर केस, मनात जखम, हातात न पेटवलेली सिगारेट आणि समोर खिडकी. खिडकीशिवाय त्याचं पान हलत नसे. नायिका विचारायची, "काय झालं?" तो म्हणायचा, "काही नाही." या "काही नाही"वरून मी जीव ओवाळून टाकायचे. असाच नवरा करायचा आणि त्याची जखम आपण भरायची, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. जखम भरल्यावर पुढचं सगळं आयुष्य दोघांनी काय करायचं, ते कुठल्याच कादंबरीत लिहिलेलं नव्हतं.

प्रत्यक्षात कांदेपोह्यांना नागपूरहून जो मुलगा आला, तो पोह्यांची बशी हातात घेऊन जो सुरू झाला तो थांबेचना. आमच्या मिक्सरचं भांडं का गळतं हे त्याने माझ्या आईला उकलून सांगितलं. हल्ली संत्र्यांना पूर्वीसारखा रस का नाही, यावर माझ्या बाबांचं बौद्धिक घेतलं. "तुम्ही दोघं जरा बोला" म्हणून आम्हाला गच्चीवर पाठवलं, तर तिथेही हाच बोलला. आई हरखून गेली. मला धाय मोकलून रडावंसं वाटत होतं, पण नाही म्हणायला कारण काही सापडेना. मुलगा फार बोलतो, हे कोणी कारण म्हणून धरलं नसतं.

आयर्लंडला आल्यावर त्याला मोकळं रानच मिळालं. या देशात बसस्टॉपवर हवेबद्दल दोन मिनिटं न बोलणं म्हणजे उद्धटपणा, त्यामुळे नवरा आठवड्याभरात इथलाच होऊन गेला. इथे आंघोळीचं पाणी तापवायच्या विजेच्या टाकीला इमर्शन म्हणतात आणि ते चुकून चालू राहणं हे महापाप समजलं जातं. नवऱ्याने हा धर्म ताबडतोब स्वीकारला. "हे इमर्शन काहून चालू आहे?" ही आरोळी आमच्या घरात रोज सकाळी वरच्या मजल्यावरून खाली यायची. कचऱ्याच्या तीन रंगांच्या डब्यांपैकी कुठला कधी बाहेर ठेवायचा, हा त्याचा दुसरा लाडका विषय. शेजारी एक म्हाताऱ्या बाई एकट्या राहतात, त्यांचे डबेही तोच बाहेर काढायचा आणि मग अर्धा तास कुंपणाशी टेकून गप्पा मारत उभा राहायचा.

आणि रोज सकाळी गाडीतून आईला फोन. सासूबाई तिकडे नागपुरात दुपारचं जेवून आडव्या झालेल्या असायच्या. मी कधी शेजारच्या सीटवर असले की सगळं ऐकावं लागायचं. डब्यात काय आहे, मोटरवेवर कुठला ट्रक आडवा झालाय, साहेबाने नवीन कुत्रं कसलं आणलंय, असला सगळा रतीब हा घालायचा आणि सासूबाई मधूनमधून फक्त "मंग?" म्हणायच्या. तेवढ्या एका शब्दावर याची गाडी पुढचे दोन सिग्नल धावायची. मी काचेतून बाहेर बघत मनातल्या मनात तो मुका नायक आठवायचे.

मागच्या हिवाळ्यात सासूबाई गेल्या. दुपारी झोपल्या त्या उठल्याच नाहीत. आपल्याकडे परदेशातल्या मुलासाठी कोणी थांबत नाही, हा विमानात होता तेव्हाच सगळं उरकलं. थोरल्या दिरांनी अग्नी दिला. लेकीची परीक्षा होती म्हणून मी इथेच राहिले. तेरावा करून नवरा परत आला तो डोक्याचा गोटा करून, आणि गप्प.

म्हणजे ज्याची मी इतकी वर्षं वाट पाहिली, तो नायक अखेर घरी आला. कपाळावर रुळायला केस नव्हते, त्या जागी लोकरीची टोपी होती, एवढीच काय ती कसर. बाकी सगळं पुस्तकाबरहुकूम. दाढी वाढलेली, गालफडं बसलेली आणि समोर खिडकी. आमच्या मागच्या खोलीच्या खिडकीतून कपड्यांची दोरी आणि शेजारणीचं कुंपण दिसतं, पण हा तिथे असा उभा राहायचा की पलीकडे खवळलेला समुद्रच आहे. मी विचारायचे, "काय झालं?" तो म्हणायचा, "काही नाही." लाज वाटते सांगायला, पण पहिले एक-दोन दिवस मला तो देखणाही वाटला. दाढी शोभत होती त्याला.

मग डबे बाहेर ठेवायचा दिवस आला आणि गेला.

कादंबरीतल्या नायिकेला कधी "आज भाजी कुठली करू?" असं विचारावं लागत नाही. मला लागायचं. तो "काहीही" म्हणायचा आणि केलेलं पानात तसंच टाकून उठायचा. लेकीच्या शाळेतली मीटिंग, माझी सर्दी, स्वयंपाकघरातला ठिबकणारा नळ, यातलं काहीही त्याच्या दुःखासमोर बोलायची सोय राहिली नाही. घरात एक माणूस खोल झाला की बाकीच्यांना उथळ राहून घर चालवावं लागतं, हे मला कुठल्याच लेखकाने सांगितलं नव्हतं. बहुतेक त्यांच्या बायका चालवत असाव्यात. एकदा तर मी मुद्दाम इमर्शन चालू ठेवून ऑफिसला गेले. संध्याकाळी आले तर टाकी धगधगत होती आणि हा खिडकीपाशी उभा होता.

तेव्हा मात्र मी घाबरले. हा आता कायमचा असाच राहिला तर? तो रडलाही नव्हता. "इथे कोणाला सांगू नको. लोक येतील, मग बोलावं लागेल," एवढंच मला बजावलं होतं. गाडीत शेजारी बसले की त्या ठरलेल्या वेळेला त्याची नजर फोनकडे जायची आणि परत रस्त्याकडे वळायची. मला माझा बडबड्या परत हवा होता, अगदी संत्र्यांच्या रसासकट.

एका सकाळी शेजारच्या बाई काठी टेकत दारात आल्या. "हाऊज हिमसेल्फ?" त्यांनी विचारलं. नवऱ्याला इथे हिमसेल्फ म्हणतात, आणि खरोखरच सध्या तो फक्त स्वतःपुरताच उरला होता. डबे भरून ओसंडायला लागलेत, पण डब्यांचं काही नाही, त्या म्हणाल्या, तो बरा आहे ना? मला राहवलं नाही. मी सांगून टाकलं.

बाईंनी क्रूसाची खूण केली. मग चिडल्या. "ती गेली, आणि मला कोणी सांगितलं नाही? ती माझी मैत्रीण होती."

मी गोंधळले. दोन वर्षांपूर्वी सासूबाई उन्हाळ्यात राहायला आल्या होत्या हे खरं. रोज दुपारी दोघी कुंपणाशी उभ्या असायच्या. सासूबाई वऱ्हाडीत बोलायच्या, बाई त्यांच्या आयरिश इंग्रजीत, विषय बहुधा गुडघे. आम्ही आतून बघून हसायचो. ही मैत्री आहे असं आमच्या डोक्यातही आलं नव्हतं.

रविवारी दुपारी बेल वाजली. दारात बाई आणि त्यांच्यामागे अर्धी गल्ली. आपल्याकडे लोक भेटायला येतात, मान खाली घालून बसतात आणि चहासुद्धा नको म्हणतात. इथे आधी प्रत्येक जण हात हातात घेऊन "सॉरी फॉर युअर ट्रबल" म्हणतो, मग चहा होतो, खाणं होतं आणि गेलेल्या माणसाच्या गोष्टी निघतात. नवऱ्याने खिडकीपाशी उभ्याउभ्याच सगळ्यांना हात दिला. बाईंनी चंदेरी कागदाने झाकलेला मोठा ट्रे आणला होता. त्यांनी तो सासूबाईंच्या हार घातलेल्या फोटोसमोर, निरांजनाच्या शेजारी ठेवला आणि वरचा कागद काढला. हॅमची सँडविचेस. ज्या सासूबाईंनी चातुर्मासात कधी कांद्यालासुद्धा हात लावला नाही, त्यांच्यापुढे डुकराचा नैवेद्य.

मी जागच्या जागी गोठले. बाई मात्र सोफ्यावर टेकल्या आणि नवऱ्याला म्हणाल्या, "मला तिची भाषा येत नव्हती. आता तू सांग, कशी होती ती?"

नवऱ्याने फोटोकडे पाहिलं. मग ट्रेकडे. मग परत फोटोकडे.

"तिनं आत्ता तुम्हाला सगळ्यांना घराबाहेर काढलं असतं," तो म्हणाला.

"का रे बाबा?"

"हॅम."

बाईंचा हात तोंडावर गेला. समोरच्या घरातल्या गृहस्थांनी नेमका तेव्हाच मोठा घास घेतला होता, ते तसेच गाल फुगवून थांबले. त्यांच्याकडे बघून नवरा हसला. हसता हसता खाली बसला आणि लहान पोरासारखा मोठमोठ्याने रडायला लागला. कोणी नजर चोरली नाही. कोणीतरी किटली पुन्हा लावली.

मग तो बोलला. आई शाळेच्या मास्तरांशी कशी भांडली, बसमधून कंडक्टरलाच तिने कसं उतरवलं, पापडांवर बसलेल्या कावळ्याला मारलेली चप्पल वडलांना कशी लागली. दिवे लागायची वेळ झाली तरी हा बोलतच होता. निघताना बाई म्हणाल्या, "तू डबे काढायला बाहेर यायचास ना, तेव्हा ती मला तुझ्याकडे बोट दाखवून असं करायची." त्यांनी हाताची पाची बोटं बदकाच्या चोचीसारखी उघडझाप करून दाखवली, बोलतो, बोलतो, बोलतो, आणि मग तोच हात छातीवर ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून आरोळी आली, "हे इमर्शन काहून चालू आहे?" मी जिन्यावर बसले आणि डोळे पुसले.

तो एकटाच ऑफिसला गेला, मी त्या दिवशी घरून काम करत होते. त्या ठरलेल्या वेळेला माझा फोन वाजला.

"काय करून राहिली?"

"काही नाही," मी म्हटलं.

त्याने सुरुवात केली. मोटरवेवर ट्रक आडवा झालाय, आत मेंढ्या आहेत, त्यातल्या दोन सुटल्यात, पोलीस त्यांच्यामागे पळतोय. आणि बोलता बोलता तो एकदम थांबला. इंडिकेटरची टिकटिक तेवढी ऐकू येत होती. तिथे कोणाचा शब्द यायला हवा होता ते आम्हा दोघांना माहीत होतं. माझ्या पुणेरी तोंडातून तो आजवर कधी बाहेर पडला नव्हता.

"मंग?" मी म्हटलं.

 पलीकडे त्याने नाक ओढलं.

"मंग काय, तो ट्रकवाला उतरला ना खाली..."