कोण राह्यलं?

बबिताला मी कामावर ठेवलं ते तिच्या हुशारीमुळं नाही, तिच्या तोंडामुळं. गेवराईत तहसीलच्या रस्त्याला आमचं मन्मथ झेरॉक्स आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, आधारची प्रिंट, पासपोर्ट फोटो, सगळं तिथं. पाच वर्षांमागं ही पोरगी बीसीएच्या परीक्षेचा फॉर्म भरून घ्यायला आली आणि मी भरलेला फॉर्म बघून म्हणाली, काकू, तुमी आईच्या जागी बापाचं नाव टाकलं. माझी चूक काढायची हिंमत आमच्या ह्यांना तीस वर्षांत झाली नाही. मी आधी तिला झापलं, मग फॉर्म बघितला, मग विचारलं, कामाला येतीस का?

ती चकलांब्याची. बाप धुळाजी, आई भामाबाई, घरची मेंढरं. दिवाळी झाली की दोघं मेंढरं घेऊन बाहेर पडतात. आज ह्याच्या रानात, उद्या त्याच्या रानात मेंढरं बसवायची. रानाला खत होतं, ह्यांना धान्य मिळतं. मिरगाच्या आत घरी. बबिता शिकायला म्हणून चुलत्याकडं राहिली आणि शिकली.

कामाला वाघ होती. पण दुपारी गिऱ्हाईक नसलं की कॉम्प्युटरात तोंड खुपसून बसायची. एकदा मी मागून जाऊन बघितलं तर स्क्रीनवर मेंढरं पळतायत. माझ्या डोक्यात तिडीक गेली. दुकानाच्या लाइटवर गेम खेळतीस व्हय गं, म्हणलं. तर म्हणते, खेळत न्हाई काकू, बनवतेय. आता गेम काय घरी बनवायची चीज आहे? मला वाटायचं गेम जपानातून येतात, खोक्यात भरून. तिनं समजावून सांगितलं की चित्रं आपणच काढायची, मेंढरानं चालायचं कसं, बिचकायचं कसं, ते कॉम्प्युटरला शिकवायचं. जगात लई माणसं एकट्यानं गेम बनवतात म्हणे. मला निम्मं कळलं, निम्मं नाही. पण तिच्या डोळ्यांत जी चमक होती ना, ती फॉर्म भरताना कधी दिसली नव्हती. म्हणलं, बनव, पण प्रिंटर जाम होऊ देऊ नको.

तिच्या गेमचं नाव तेव्हा होतं ‘कळप’. सकाळी चाळीस मेंढरं घेऊन निघायचं, गोदावरीच्या काठानं चारायची, ट्रकचा रस्ता ओलांडायचा, लांडगा चुकवायचा आणि दिवस मावळायच्या आत वाघरीत आणून घालायची. वाघर म्हणजे मेंढरं कोंडायची जाळी. वर कोपऱ्यात आकडा होता, चाळीस. एक हरवलं की एकोणचाळीस. मला तर झकास वाटला.

त्या थंडीत तिच्या आईबापाचा मुक्काम हायवेच्या अलीकडं एका रानात होता. बबिता म्हणाली, आईला दाखवायचाय, चला. माझ्या स्कुटीवर गेलो. भामाबाईनं पदराला हात पुसून फोन घेतला आणि बोटानं मेंढरं हाकायला लागली. मधीच लांडग्यानं एक उचललं. ती थांबली.

"कोणतं गेलं?" तिनं विचारलं.

"एक गेलं, आई. बघ की, एकोणचाळीस राह्यली."

"आगं पण कोणतं?"

बबिताला सांगता येईना. सांगणार काय? चाळीसच्या चाळीस एकाच चित्राच्या नकला होत्या. भामाबाईनं फोन परत केला आणि म्हणाली, ही मेंढरं न्हाईत पोरी, शेंगदाणे हायत.

तेवढ्यात मेंढरं वाघरीत घालायची वेळ झाली. भामाबाई जाळीच्या तोंडाशी उभी राहिली. मेंढरं ढकलाढकली करत आत जातायत आणि ही नुसती बघतेय. मोजत नाही. विसाच्या पुढं मला येतच न्हाई, असं ती स्वतःच हसून सांगायची. सगळी आत गेल्यावर तिनं मोठ्यानं विचारलं, "कोण राह्यलं?" आणि स्वतःच उत्तर दिलं, भुंडी राह्यली, बोरीखाली बसली असंल. धुळाजी जाऊन बिनशिंगाची एक मेंढी घेऊन आला. तरी भामाबाई जाळी ओढेना. रस्त्याकडं बघत जरा वेळ तशीच उभी राहिली, मग ओढली. मी बबिताला हळूच विचारलं, आता कोणाची वाट बघते? ती म्हणाली, चांदीची. महिन्याखाली हायवेवर एका कंटेनरनं त्या मेंढीला चिरडलं होतं. आई अजून थांबते, म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिनं गेममधला आकडा काढून टाकला. मग चाळीस मेंढरं वेगवेगळी काढायला बसली. कुणाचं शिंग वाकडं, कुणाची शेपटी तुटकी, कुणी सारखं पुढं पळणारं, कुणी दुसऱ्याच्या पायात घुटमळणारं. सात महिने गेले त्यात. आता संध्याकाळी जाळीपाशी उभं राहून आपणच ओळखायचं, कोण आलं नाही. गेम काही सांगत नाही. ओळखलं तर शोधायला जायचं, नाही ओळखलं तर ते मेंढरू रानातच राहिलं.

घरी तिनं एक वर्ष मागून घेतलं होतं. वर्षात गेमचं काही जमलं नाही तर संभाजीनगरला चुलतभावानं बघितलेली ऑफिसातली नोकरी धरायची, असं बापाला कबूल केलं होतं. माझ्याकडं सकाळचं येऊन फॉर्म भरायची, दुपारपासून गेम. जाहिरातपण स्वतःच करायची. रोज एका मेंढराचा छोटा व्हिडिओ टाकायची, आज ही कबरी, आज ही लांडी. मी म्हणलं, मी पण मदत करते, आणि सगळे व्हिडिओ दुकानाच्या नंबरासकट आमच्या सगळ्या ग्रुपांवर टाकले. लोक काय बघतात काय वाचतात देव जाणे. आठ दिवस माझा फोन थांबेना. घाटनांदूरचा एक व्यापारी तर रोज विचारायचा, कबरी कितीला सोडता? मी त्याला सांगितलं की ती चित्रातली आहे. तो म्हणाला, चित्रावरून पसंत हाय, भाव बोला.

तिनं तीसेक कंपन्यांना गेम पाठवला. बहुतेकांनी उत्तरसुद्धा दिलं नाही. शेवटी पुण्याच्या एका लहान कंपनीच्या साहेबाचा फोन आला. गेम आवडला, गेम पुरा करायला वर्षभराचा खर्च देतो, बाहेर देशातपण विकतो, म्हणाला. फक्त एक अट. कोपऱ्यात आकडा पाहिजे आणि मेंढरांच्या डोक्यावर नावं पाहिजेत. त्यांनी माणसं बसवून गेम खेळवला होता. कोण राहिलं ते कळेना म्हणून निम्म्याच्या वर लोकांनी गेममधल्या दुसऱ्या संध्याकाळीच सोडून दिला. शुक्रवारी सकाळी परत फोन करतो, तोवर ठरवा, म्हणाला.

बबितानं मला हे सांगितलं ते रडवेलं तोंड करून. मला कळेना कावून. मी म्हणलं, अगं बाई, पेढे वाट! तर म्हणते, काकू, आकडा असला की माणूस मेंढरांकडं बघतच न्हाई, आकड्याकडं बघतं. मी म्हणलं, मग बघू दे की, तुझं काय जातं? ती म्हणाली, मग गेम राहतच न्हाई. अशी अर्धा तास वादावादी झाली. वर्ष संपायला दीड महिना राहिला होता, आणि ही चालून आलेलं लाथाडायला निघाली होती. माझं पित्त खवळलं. माझ्या जिभेला हाड नाही हे सगळ्या गेवराईला माहिती आहे. मी म्हणून बसले, "तुझ्या आईला मोजता येत न्हाई, म्हणून सगळ्या जगानं मोजायचं सोडायचं का?"

तिनं कॉम्प्युटर बंद केला. पिशवी उचलली आणि गेली. मंगळवार होता तो. बुधवारी आली नाही.

मला वाईट वाटत होतं, पण राग त्याहून जास्त. म्हणलं, हा गेम खेळताच येत नाही हे मी हिला दाखवूनच देते. बुधवारी काउंटरवर बसून तिचा गेम फोनवर उघडला. पहिल्या संध्याकाळी जाळीपाशी उभी राहिले, सगळी काळी ढेकळं. एक रानात राहिलं, कोणतं ते कळलंच नाही. बघा, म्हणलं, मी म्हणत नव्हते? परत खेळले. एक मेंढी सारखी पुढं पुढं करायची, तिचं नाव मी माझ्या जावेचं ठेवलं. एक होती कपाळावर पांढरा ठिपका, एक कान फाटलेला, कायम सगळ्यांच्या मागं. कुठं जायचं म्हणलं की माझी नणंद उज्ज्वला अशीच, सगळे रिक्षात बसले तरी ही आरशासमोर. तिचं नाव उज्ज्वला.

गुरुवारी दुपारी मी पाचव्यांदा जाळीपाशी उभी होते. मेंढरं आत चालली होती, आणि जाळी ओढायला नेलेलं बोट मी मधीच थांबवलं. मोजलं नव्हतं मी काहीच. पण काहीतरी कमी होतं. उज्ज्वला! समोर एक बाप्या रेशनकार्डाची झेरॉक्स मागत होता, त्याला म्हणलं, थांबा हो जरा. परत उलटी गेले, रस्ता ओलांडला, बाभळी ओलांडल्या, बांधाच्या मागं बघितलं तर ही बया उभी, फाटका कान हलवत. मला रडू आलं. रेशनकार्डवाला घाबरला. त्याला वाटलं मला कुणी गेल्याचा मेसेज आला.

शुक्रवारी सकाळी बबिता आली. डोळे सुजलेले. खुर्चीत बसली आणि म्हणाली, तुमचंच बरोबर हाय काकू, टाकते आकडा. मी म्हणलं, मी तुझ्या आईवरून बोलले ते शेण खाल्लं. आकडा टाकलास तर बघ. तिला वाटलं मी अजून चिडलेलीच आहे. तेवढ्यात साहेबाचा फोन आला. तिनं स्पीकरवर ठेवला आणि आकड्याला हो म्हणायला तोंड उघडलं, तोच मी फोन ओढून घेतला.

"साहेब, मी गंगासागर, दुकानवाली. तुमच्या हापिसात किती माणसं हायत?"

तो गोंधळला. "चौदा-पंधरा असतील. का हो?"

"आज कोण आलं न्हाई?"

"आज अनघा नाही आली, तिच्या मुलाला ताप आहे," त्यानं पटकन सांगितलं.

"मोजली का माणसं तुमी?"

तो माणूस हसला, आणि म्हणाला की मॅडम, मला चार दिवस द्या. चार दिवसांनी त्यानं बबिताला कळवलं की खर्च थोडा कमी देऊ, पण देऊ. नावं नकोत. आकडा सेटिंगमध्ये कुठंतरी आत ठेवायचा, ज्याला पाहिजे त्यानं हुडकून काढावा. आणि ‘कळप’ हे नाव बदलायचं. नवं नाव बबितानं एका मिनिटात सांगितलं, ‘कोण राह्यलं?’

गेम पुरा व्हायला पुढची थंडी उजाडली. विकला गेला तो बरा, अगदी गाजला असं नाही; पण कुठल्याकुठल्या देशांतून लोक बबिताला आपापल्या हरवलेल्या मेंढीची खूण लिहून पाठवतात आणि विचारतात, ही कुठं सापडंल? संभाजीनगरची नोकरी राहिली बाजूला.

गेम बाहेर पडला त्याच आठवड्यात आम्ही दोघी परत तिच्या आईकडं गेलो. दिवस कलला होता. भामाबाई दगडावर बसून खेळायला लागली. मेंढरं वाघरीपाशी आली, एकेक आत गेलं. ती जाळी ओढेना. मला सांगायची इतकी उबळ आली, पण बबितानं माझा हात गच्च दाबला. गेम खेळणाऱ्याला सांगायचं नसतं, असं ती नेहमी म्हणते. भामाबाई मागं वळली, रस्ता ओलांडला, बाभळी ओलांडल्या आणि बांधाच्या मागं गेली. फाटका कान, कपाळावर पांढरा ठिपका.

मी ओरडलेच, ही माझी उज्ज्वला!

भामाबाईनं माझ्याकडं बघितलंसुद्धा नाही. "चांदी," ती म्हणाली.

दोन दिवस मी त्या मेंढीच्या मागं फिरले आणि ती कोण हे एकदाही विचारलं नव्हतं. मी बबिताकडं बघितलं. ती हळू आवाजात म्हणाली, "मागं राहायची तिची सवय तशीच ठिवली. पण रस्त्यात कितीबी वेळ उभी करा काकू, चांदीला ट्रक लागत न्हाई. तेवढं मी केलंय."

भामाबाईनं चांदीला पुढं घालून आणलं, आत घातलं आणि फोन लेकीच्या हातात दिला. उठली आणि खरी मेंढरं वाघरीत घालायला गेली. जाळीच्या तोंडाशी उभी राहून तिनं रोजच्यासारखं विचारलं, कोण राह्यलं? कुणीच राहिलं नव्हतं. मी रस्त्याकडं बघितलं, तिनं नाही बघितलं. शेवटचं मेंढरू आत गेलं तशी तिनं जाळी ओढली आणि चहा ठेवायला चुलीकडं गेली.