ब्रेकच्या नळीतली गाठ

ट्रकला ब्रेक कसा लागतो, ते मला कोणीही विचारावं. अजून कोणी विचारलेलं नाही, पण उत्तर तयार आहे. इंजिनाच्या अंगाला एक कॉम्प्रेसर असतो, तो हवा दाबून टाक्यांत भरतो. ड्रायव्हरने पाय दाबला की ती हवा नळ्यांतून चाकांजवळच्या गोल डब्यांत जाते आणि डबा ब्रेकला रेटतो. हे सगळं मी वीतभर लांबीच्या ट्रकमध्ये करून दाखवू शकतो. एवढं ज्ञान असलेला माणूस निदान कार तरी चालवत असेल, असं तुम्हाला वाटेल. मी बायकोच्या स्कूटरवर मागे बसतो. भारती चालवते, आणि खड्डा आला की मी मागून पाय दाबतो. तिथे ब्रेक नसतो हे मला माहीत आहे.

माझं नाव ईश्वरदास. पाणीपुरवठा खात्यात कारकून होतो. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्म करतात, नाहीतर सकाळी चालायला जातात. मी मॉडेल ट्रक आणायला लागलो. हे ट्रक वरून देखणे असतात आणि आतून पोकळ. केबिन पुढे कलवून पाहावं, तर इंजिनाच्या जागी कंपनीचा पत्ता छापलेला. ते मला पाहवत नाही. म्हणून मी त्यात इंजिन बसवतो, टाक्या बसवतो, ब्रेकच्या नळ्या ओढतो. हा सगळा कारखाना माझा मधुमेह आणि भारतीची शिवणपेटी यांच्या जिवावर चालतो. इन्सुलिनच्या सुयांची टोपणं म्हणजे फिल्टर, जुन्या इयरफोनची तार म्हणजे डिझेलच्या नळ्या. टिचबटणाचे दोन भाग एकमेकांवर दाबले की ब्रेकचा डबा हुबेहूब तयार होतो. ब्लाउजला टिचबटण कमी पडलं, तर भारती आता पेटीत शोधत नाही, सरळ माझ्या टेबलाकडे येते.

"चाकापासचं काढू का टाकीपासचं?" असं विचारण्याइतकी ती या विषयात तयार झाली आहे.

खरा ट्रक खालून कसा दिसतो, हे पाहायला मी नागपूरबाहेर वाडीला जायचो. तिथे ट्रक ओळीने उभे असतात. एकदा मी एका ट्रेलरखाली उताणा पडून टाकीची नळी कुठे वळते ते पाहत होतो. वरून आवाज आला, "कौन है बे नीचे?" मी अर्धा बाहेर आलो. ड्रायव्हरने माझे पांढरे केस पाहिले, चष्मा पाहिला, आणि अगदी कळवळून म्हणाला, "काका, डिझेल चोरायची उमर आहे का ही तुमची?" मी त्याला सगळं समजावून सांगितलं. ऐकून झाल्यावर त्याचं मत झालं की चोर परवडला. भारतीला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "खरंच तर म्हटलं जी त्यानं. तुम्ही काहून गाड्यांच्या खाली घुसून राहिले?"

काहून, ते आता सांगतो.

आमचं घर उमरेडचं, विणकरांचं. आजोबा मागावर, बाबा मागावर, घरात बोलण्यापेक्षा धोट्याचा आवाज जास्त. तिथे पोराची परीक्षा एकाच गोष्टीत व्हायची. मागावर ताण्याची तार तुटली की ती सांधायची. सांधताना गाठ इतकी बारीक बसली पाहिजे की ती फणीच्या दातांमधून सहज निघून जावी. गाठ जाड झाली की फणीत अडकते आणि शेजारच्या चार तारा घेऊन मरते. माझी गाठ तुरीच्या दाण्याएवढी व्हायची. धाकटा मुकुंद खेळता खेळता शिकला. मी जीभ बाहेर काढून, घाम गाळून तूर पिकवायचो. शेवटी बाबांनी एकदा माझी बोटं हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि आईला सांगितलं, "याच्या हाताले गाठ नाही. याले शाळेतच जाऊ दे."

लोकांची मुलं हुशार निघाली म्हणून शिकली. मी बिनकामाचा निघालो म्हणून शिकलो.

पुढे माग बंद पडले. मुकुंद खाणीत नोकरीला लागला आणि त्याच्या हातातली गाठ तशीच राहिली. आमचा मागही एक दिवस विकला गेला. मला नोकरी लागली, बढती मिळाली, नागपुरात घर झालं. दर वेळी मी बाबांना सांगायला गेलो आणि दर वेळी ते "बरं झालं" म्हणाले. पण ते कागदाचं काम होतं, हाताचं नव्हतं. माझ्या हाताने केलेली एक तरी वस्तू बाबांनी पाहावी आणि बरी आहे म्हणावं, एवढंच मला पाहिजे होतं. साठी उलटलेल्या माणसाने असं काही मनात धरणं हास्यास्पद आहे. मी धरलं होतं.

म्हणून उमरेडच्या कोळशाचा ट्रक करायला घेतला. बाबा ओट्यावर बसून आयुष्यभर जे ट्रक पाहत आले, तोच. आणि तो इतका अचूक करायचा की बाबांनी चष्मा लावून तासभर पाहत राहावं. इथे माझ्यातला कारकून जागा झाला. फाईल पूर्ण झाल्याशिवाय पुढे पाठवायची नाही. इंजिनाचा पंखा फिरला पाहिजे, मग रेडिएटर बरोबर दिसेना, मग रंग पुन्हा. बाबांना काचबिंदू होता हे मला माहीत होतं. मुकुंद फोनवर सांगायचा, "दादा, बाबाले कमी दिसून राहिलं. येऊन जा न." मी म्हणायचो, फक्त मागच्या नळ्या राहिल्या आहेत. मागच्या नळ्या झाल्या, तेव्हा मुकुंदने सांगितलं की आता बाबांना उजेड आणि अंधार एवढंच कळतं. डॉक्टर म्हणाले, गेलेली नजर परत येत नाही.

बैल गेला आणि झोपा केला, असं म्हणतात. मी तर झोप्याला तीन हात रंगही दिला होता. त्या दिवशी मी स्वतःवर इतका चिडलो की ट्रक उचलून माळ्यावर टाकणार होतो. भारतीने तो हातातून घेतला. "डोळे गेले, बाबा नाही गेले," ती म्हणाली. "घेऊन जा."

जाण्याआधी भूपेश येऊन गेला. हा तरुण इंजिनिअर कळमेश्वरच्या एका कारखान्यात ट्रेलरच्या ब्रेकचं काम पाहतो. मॉडेलवाल्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आमची ओळख झाली, आणि माझ्याशी ब्रेकवर बोलणारा जगात तो एकटाच. त्याने केबिन कलवली, इंजिन पाहून "एक नंबर काका" म्हणाला. मी फुगलो. मग मोबाइलचा टॉर्च लावून तो मागच्या चाकांकडे वाकला आणि बराच वेळ तिथेच राहिला.

"काका, टाकीतून मागं जाते न ही नळी, तिच्यात गाठ आहे."

"शक्य नाही."

"पाहा न जी."

होती. नळीसाठी मी बाबांच्या जुन्या सुताची लड वापरली होती, मेण लावून, काळी रंगवून. टाकीमागून ओढताना ती तुटली असणार. एका हातात चिमटा, तोंडात फेविक्विकची नळी, आणि बोटांनी मला न विचारता काहीतरी केलं असणार. मला मुळीच आठवत नव्हतं. आमच्या घरात तुटलेली तार कोणी फेकत नाही, सांधतात, एवढं मात्र बोटांना आठवत होतं.

"गाठीतून हवा कशी जाणार?" भूपेश म्हणाला. "मागच्या चाकाले स्प्रिंगचा ब्रेक असते, त्याचं उलटं. हवा पोचली तरच तो सुटते, नाही तर लागूनच राहते. तुमची गाडी जागची हलत नाही काका."

हे मला माहीत होतं. हेच तर मी कोणी विचारेल म्हणून वाट पाहत होतो. दोन वर्षं मी जगातला सगळ्यात बिनचूक, न हलणारा ट्रक बनवत होतो. नळी बदलायची तर टाकी उखडावी लागणार होती, आणि टाकी मी अशी चिकटवली होती की ती फक्त ट्रकसोबतच निघाली असती.

शेवटी बुटांच्या खोक्यात कापूस घालून ट्रक ठेवला आणि उमरेडची बस धरली. कंडक्टरने विचारलं, खोक्यात काय आहे. मी म्हटलं, ट्रक. त्याने माझ्याकडे पाहून सीनियर सिटिझनचं तिकीट फाडलं, कार्ड मागितलं नाही.

बाबा खाटेवर बसले होते. मी पाया पडलो, शेजारी बसलो आणि ट्रक त्यांच्या मांडीवर ठेवला.

"हे काय होय?"

"ट्रक आहे बाबा. मी बनवला. कोळशाचा, उमरेडचा."

त्यांनी वरून हात फिरवला. मी वर्णन करायला लागलो. केबिनचा रंग कसा आहे, इंजिनाला सहा सिलिंडर कसे आहेत, पंखा कसा फिरतो. बाबा ऐकत होते की नाही कोण जाणे. मग त्यांनी तो ट्रक दोन्ही हातांनी धरून सरळ पालथा केला. बाजूचे दोन्ही आरसे कट्‌कन तुटले. मी घाईने हात पुढे केला आणि तसाच थांबलो. बाबा कापड पाहत होते. विणकर लुगडं सुलट्या बाजूने पाहतच नाही. तोंड कोणालाही देखणं करता येतं, काम पाठीवर कळतं, म्हणून तो आधी पाठ पाहतो. ट्रक असो नाही तर काही असो, बाबांच्या हाताला दुसरी रीत माहीत नव्हती.

त्यांचा अंगठा टाकीवरून नळीवर आला. नळीवरून मागे सरकत गेला आणि थांबला. थोडा मागे आला, पुन्हा पुढे गेला. सहा सिलिंडर सोडून अंगठा नेमका तिथेच थांबावा, हे माझं नशीब.

"ही कोणं मारली?"

मी लगेच सुरू झालो. की नळीत गाठ नको हे मला कळतं, हवा जात नाही, स्प्रिंगचा ब्रेक सुटत नाही, पण टाकी चिकटवलेली असल्यामुळे...

"तुले ते नाही इचारलं गा. गाठ कोणं मारली?"

"मीच मारली."

"मुकुंदानं नाही?"

"मुकुंद कुठे होता बाबा तिथे? मीच."

बाबांनी नखाने गाठ चाचपली. दोन्ही शेपट्या किती उरल्या आहेत ते पाहिलं. जिभेला बोट लावून पुन्हा एकदा अंगठा फिरवला. माझ्या बढतीच्या वेळी साहेबांनीसुद्धा इतका वेळ घेतला नव्हता.

"फणीतून जाईन ही," ते म्हणाले.

स्वयंपाकघरात मुकुंदची बायको पुष्पलता चहा गाळत होती, तेवढाच आवाज होता.

"तवा अशी मारली असती, त मागावर बसवलं असतं तुले." बाबांनी ट्रक सरळ केला, चाचपून माझ्या हातात दिला आणि माझी बोटं क्षणभर धरून ठेवली. "आली तुले. उशिरा आली, पण आली."

परतीच्या बसमध्ये मी खोकं मांडीवर घेऊन रडलो. कंडक्टर तोच होता. त्याने काही न विचारता तिकीट फाडलं आणि खिडकी थोडी उघडून दिली. आयुष्यात मनासारखी नेमणूक एकच मिळाली, आणि रुजू व्हायचं तर माग विकून तीस वर्षं झालेली. सरकारी खात्यात अशी प्रकरणं मी पुष्कळ पाहिली होती. त्यांच्यावर 'मुदत संपल्याने दप्तरी दाखल' असा शेरा मारतात, तेही माहीत होतं.

भूपेशने दुसऱ्या दिवशी फोन केला. टाकी सैल करायला त्याच्याकडे काहीतरी औषध आहे म्हणाला, रविवारी येऊन नळी बदलून देतो. मी नको म्हटलं.

"पण काका, गाडी हलणार नाही न."

"नको हलू दे," मी म्हटलं.

ट्रक आता टीव्हीशेजारी असतो. आरसे मी पुन्हा लावले नाहीत. घरी येणाऱ्यांना भारती कौतुकाने केबिन कलवून इंजिन दाखवते, पंखा फिरवून दाखवते. लोक वाहवा करतात. मग मी ट्रक हातात घेतो, पालथा करतो आणि त्यांना म्हणतो, अंगठा द्या जरा इकडे.