माझ्या पुढची सरोजाक्का

डॉक्टर इंग्रजीत म्हणाले, "मॅलिग्नंट आहे," आणि मी शहाण्यासारखी मान हलवली. शब्द ऐकलेला होता, पण त्या क्षणी त्याचा अर्थ काही केल्या आठवेना. बाहेर आल्यावर ह्यांना विचारलं. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला आणि म्हणाले, "कॅन्सर."

उजव्या स्तनात आवळ्याएवढी गाठ होती. दुखत नव्हती, म्हणून अंगावर काढली. हे वाचणाऱ्या बायकांनो, न दुखणारी गाठही दाखवा. नव्वदच्या दशकातली ही गोष्ट. ह्यांच्या नोकरीमुळे पुणं सोडून बंगलोरला येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं. जे. पी. नगरात भाड्याचं घर, कन्नड येत नाही, जिवाभावाचं माणूस जवळ नाही. त्यात हा आजार.

डॉक्टरांनी दोन मार्ग सांगितले. लंपेक्टमी, म्हणजे फक्त गाठ काढायची आणि मग रेडिएशन, किरणांचे उपचार घ्यायचे. किंवा मॅस्टेक्टमी, म्हणजे पूर्ण स्तन काढायचा. ठरवायचं मी होतं. मी म्हटलं, सगळंच काढा, एकदाचं काय ते होऊन जाऊ दे. पण एकदाचं काही होत नसतं. जखम भरल्यावर सांगितलं की आता केमोथेरपी. शिरेतून औषध देऊन अंगात राहिलेल्या पेशी मारायच्या. दर तीन आठवड्यांनी एक, अशी सहा केमो.

केमोच्या खोलीत एक रीत होती. कुणी घालून दिली कोण जाणे, पण तिथल्या सिस्टर ती कसोशीने पाळत. नव्या बाईला एकटं बसवायचं नाही. तीच औषधं घेणारी, पण तिच्याहून एक केमो पुढे असलेली बाई शोधायची आणि तिला शेजारच्या खुर्चीत बसवायचं. माझं चाचरतं इंग्रजी ऐकून सिस्टरनी मला मराठी बोलणारी शोधून दिली. ही माझी 'पुढची', सरोजाक्का.

चिकपेटेत कापडाचा धंदा असलेल्या जुन्या मराठी घरातली ती. चार पिढ्या इकडेच गेल्या होत्या. तिच्या मराठीत कन्नड असं कालवलेलं असायचं की पहिल्यांदा मला निम्मंच कळलं. सिस्टर सुई घेऊन आल्या तेव्हा तिने माझा मोकळा हात धरला आणि म्हणाली, "भिऊ नको गं. स्वल्प गार वाटेल हाताला. मग सरी."

थोडं गार वाटलं, मग ठीक झालं.

तिने सांगितलं, औषध लाल आहे, लघवी लाल होईल, रक्त समजून बोंब मारू नको. तसंच झालं. केस जायच्या आधी मुळं दुखतात, कुणी वेणी ओढून धरल्यासारखी, म्हणाली. तशीच दुखली, आणि चौथ्या दिवशी उशी केसांनी भरली. तोंड येईल, दहीभात मऊ कालवून खा. ब्लाउजच्या आत कापूस भरू नको, वर सरकतो. खणाची पिशवी शिवून त्यात राळ्याचे दाणे भर, वजन बरोबर बसतं. एक पिशवी तिनेच शिवून आणली, हिरव्या खणाची. डॉक्टर रोगाबद्दल बोलत. माझ्या दिवसांबद्दल फक्त ती बोलायची.

तिचं सगळं खरं व्हायचं. मी तिला माझं पंचांग म्हणायची. ती हसून म्हणायची, "पंचांग दरवर्षी बदलायला लागतं गं."

माझं चौथं आणि तिचं पाचवं केमो चाललं होतं त्या दिवशी तिला नीट बसवेना. उशी मागून घेतली, इकडे सरकली, तिकडे सरकली. पाठीत भरलंय म्हणाली. त्याच आठवड्यात माझी पाठ दुखायला लागली.

पुढच्या वेळी शेजारची खुर्ची रिकामी. सिस्टर आधी काही सांगेनात. मग म्हणाल्या की सरोजाक्काचा बोन स्कॅन झाला, सगळ्या हाडांची तपासणी असते ती. आजार मणक्यात गेलाय. तिचं सहावं केमो आता होणार नाही, दुसरे उपचार करतील. मी सुई लावू दिली नाही. उठले आणि चालत दाराबाहेर आले.

मला ठामपणे वाटत होतं की माझं संपलं. लघवी, केस, तोंड, सगळं तिच्या मागोमाग माझ्यात आलं होतं. मग हे का येणार नाही? आरशासमोर रुमाल सोडला की टकलं डोकं तिचं दिसायचं. तिने केलेली पिशवी मी कपाटात मागे सारून ठेवली, तरी कपाट उघडायची भीती वाटायची. पाठ तर तिची दुखत होती तिथेच दुखत होती.

माझाही बोन स्कॅन केला. स्वच्छ निघाला. डॉक्टरांनी समजावलं की दोघींचं औषध एक असलं तरी आजार एक नाही. तिच्या काखेतल्या पुष्कळ गाठींत तो आधीच पोचला होता, माझ्या नाही. फार तर आठवडाभर थांबू, म्हणाले, त्याहून उशीर धोक्याचा. मी ऐकलं आणि घरी येऊन बसले. कधी आवाज न चढवणाऱ्या ह्यांनी माझ्यापुढे हात जोडले. मला त्यांचा रागच आला. मरणाच्या वाटेवर उलट्या करत कशाला जायचं, असं मी त्यांना तोंडावर विचारलं.

शेवटी मी एकटीच रिक्षा करून चिकपेटेला गेले. तिचं घर दुकानाच्या वर होतं. खाली कापडाचे गठ्ठे आदळत होते आणि वर ती कुशीवर पडून होती, अगदी लहान झालेली. मला पाहून पहिला प्रश्न, पाचवं झालं का? मी नाही म्हटलं. पाठीचं सांगितलं, आणि रडले. तिच्यापुढे माझं रडणं किती कोतं होतं ते मला कळत होतं, पण थांबवता येईना.

तिने मला रडू दिलं. मग म्हणाली, "मी तुला औषधाचं सांगितलं गं. आजाराचं कुठं सांगितलं? आजार ज्याचा त्याचा."

मी पदराने डोळे पुसले.

"पाचवं कसं ते मला ठाऊक आहे, तोंड जास्त येतं. सहावं मी घेतलंच नाही. तू घे, आणि मला येऊन सांग कसं असतं."

मी पाचवं घेतलं. तोंड जास्त आलं. सहाव्याला मात्र पुढे कुणी नव्हतं, आणि पहिल्या केमोच्या दिवसाहूनही मी जास्त घाबरले. शेजारच्या खुर्चीत सिस्टर थोडा वेळ बसल्या.

उलट्या थांबल्यावर पुन्हा चिकपेटेला गेले. सरोजाक्काला आता बोलवत नव्हतं. मी तिच्या कानाशी वाकून सांगितलं की सहावं पाचव्यासारखंच असतं, फक्त मोसंबीचा रस पोटात टिकतो. तिने डोळे उघडले नाहीत. माझं बोट मात्र दाबलं. त्याच आठवड्यात ती गेली.

त्याला काही वर्षं झाली. मी जिवंत आहे. तपासणीची तारीख जवळ आली की पाठ अजून दुखते, नेमकी तिथेच, आणि मग मी हिरव्या खणाची पिशवी हातात घेऊन बसते. तिचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. म्हणून मराठी बोलणारी 'पुढची' मिळाली नाही की सिस्टर मला बोलावतात, तेव्हा नव्या बाईशेजारी बसायला जाते.

अलीकडे निपाणीकडची एक मुलगी आली होती, नोकरीसाठी इथे राहणारी. सुई यायच्या आधी तिने विचारलं, "अक्का, तुमच्या पुढं कोण होतं? त्या कुठं असतात?"

"सरोजाक्का. ती गेली," मी म्हटलं. "आजाराचं मला विचारू नकोस, तिच्याही नको आणि माझ्याही. औषधाचं विचार."

तिने हात काढून घेतला. भिंतीकडे बघत राहिली. सिस्टर ट्रे घेऊन शेजारी येऊन उभ्या राहिल्या, तेव्हा तिने हात पुन्हा माझ्या हातात दिला.

"सांगा," ती म्हणाली.

"स्वल्प गार वाटेल हाताला," मी म्हटलं. "मग सरी."